वाचक विचारतात: गर्दी मोजली कुणी, आणि किती गुंठ्यांत?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की नेत्याची लोकप्रियता म्हणून पेपरात जे छापून येतं त्यातलं निम्मं श्रेय मंडपवाल्याचं असतंय. त्यावर एवढी पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. काहींनी चार-चार पानं लिहिलीत, ती कापलीत, राग मानू नका. बावीस वर्षं पेपरच्या डेस्कवर बसून दुसऱ्याचं कापायचीच सवय लागलीय.

ताई, आमच्या घरात दोन पेपर येतात, मराठी मला आणि कन्नड सुनेला, ती धारवाडकडची आहे. परवा एका नेत्याची सभा झाली तर माझ्या पेपरात पन्नास हजार आणि तिच्या पेपरात पंधरा हजार. त्याच्या आधीच्या सभेला बरोब्बर उलटं होतं. सकाळी चहाला आमची ह्यावरून जुंपते. खरं कुणाचं?
– एक आजोबा, टिळकवाडी, बेळगाव

आजोबा, दोघांचंही खरं नाही कारण दोन्ही पेपरांत कुणी मोजलेलंच नसतंय. हे मी आतून बघितलंय म्हणून सांगते. आकडा येतो तीन ठिकाणांहून. एक आयोजकांची प्रेस नोट, दोन बंदोबस्तावरच्या पोलिसांचा अंदाज, आणि तीन आमचा रिपोर्टर, जो स्टेजपुढच्या पत्रकारांच्या खुर्चीवर बसलेला असतोय आणि मान मागं वळवून जेवढं दिसतंय तेवढ्यावरून "भरलंय की ओ" म्हणतोय. मी ज्या पेपरात होते तिथं एकदा संध्याकाळी सहाच्या सभेची बातमी दुपारी चारलाच येऊन पडली होती, टाईप केलेली, फोटोची जागा सोडलेली, आणि पहिल्याच वाक्यात "लाखोंच्या साक्षीने". सभा झाली, रिपोर्टर आला, म्हणाला वीस हजार असतील जास्तीत जास्त. मी वीस हजार घातलं. संपादक म्हणाले वाद नको, "मोठ्या संख्येने" कर. केलं. तरी दुसऱ्या दिवशी जाहिरात विभागाकडनं तक्रार आलीच, लाखो कुठं गेले म्हणून.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण ते अवघड नाहीच. अमेरिकेत बर्कलीला हर्बर्ट जेकब्स म्हणून पत्रकारितेचे प्राध्यापक होते, १९६० च्या दशकात त्यांच्या ऑफिसच्या खिडकीखाली विद्यार्थ्यांची आंदोलनं चालायची, खालच्या फरशीवर चौकटी होत्या, त्यांनी एका चौकटीत किती माणसं उभी राहतात ते मोजलं आणि चौकटींच्या संख्येनं गुणलं. त्यातनं निघालेला हिशोब आजही वापरतात: मोकळी ढाकळी गर्दी असेल तर माणशी दहा चौरस फूट, दाट असेल तर साडेचार, आणि अगदी श्वास घ्यायला जागा नाही असली असेल तर अडीच. आपल्याकडं फूट कुणाला कळत नाही, गुंठा सगळ्यांना कळतोय. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे एका गुंठ्यात मोकळी गर्दी शंभर-एकशे दहा, दाट गर्दी दोनशे चाळीस, आणि जत्रेत पालखी उचलताना होती तसली चेंगराचेंगरी सव्वाचारशे-साडेचारशे. एकराचे चाळीस गुंठे. आता समजा मैदान पाच एकर आहे आणि दाट भरलंय, तर अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास. त्याच मैदानात कुणी दोन लाख म्हणाला तर माणशी एक चौरस फूट जागा आली, म्हणजे लोक एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून भाषण ऐकत होते असं समजायचं. आणि खुर्च्या असतील तर आणखीन सोपं, आडव्या किती उभ्या किती, गुणायचं. मंडपवाल्याला विचारलं तरी तो सांगतोय, त्याला भाडं खुर्चीवर मिळतंय ना, तो खोटं कशाला बोलेल.

फोटोचं पण बघा. रिकाम्या खुर्च्या ज्याला दाखवायच्यात तो पाचला जातोय, भरलेलं ज्याला दाखवायचंय तो सातला जातोय, आणि दोघांचे फोटो खरे असतात.

तुमच्या सुनेच्या आणि तुमच्या पेपरात उलटसुलट का येतंय, त्याचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे, फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय. १ नोव्हेंबरचंच घ्या. एका बाजूला कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक, एका बाजूला बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी. एका भाषेच्या पेपरात एकाला पहिलं पान आणि दुसऱ्याला पाचव्या पानावर एक कॉलम, दुसऱ्या भाषेत नेमकं उलटं. आणि हे फक्त "ते" करतात असं नाही हं. संभाजी चौकातनं फेरी वळताना आमचा फोटोग्राफर गच्चीवर चढून असा अँगल लावायचा की शेवट दिसूच नये, आणि खाली "अथांग जनसागर" हे कॅप्शन मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, एकदा नाही, कित्येकदा. आपल्या माणसाची गर्दी असली की आमच्या डेस्कवर कुणी गुंठे काढले नाहीत.

आणि समजा गर्दीचा आकडा अगदी बरोबर मोजला, तरी त्यातनं लोकप्रियता कळते का? २०२३ चंच आठवा. २७ फेब्रुवारीला पंतप्रधान मोदी बेळगावात आले, मोठा रोड शो झाला, मालिनी सिटीच्या मैदानावर सभा झाली, पीएम किसानचा तेरावा हप्ता तिथनंच सोडला. तीन आठवड्यांनी २० मार्चला राहुल गांधी सीपीएड मैदानावर. दोन्हीकडं माणसं होती, दोन्हीकडं तालुक्या-तालुक्यातनं गाड्या आल्या होत्या. मे महिन्यात निकाल काय लागला, बेळगाव उत्तर काँग्रेसकडं, बेळगाव दक्षिण भाजपकडं. जिल्ह्यातल्या अठरापैकी काँग्रेस अकरा, भाजप सात. कुठल्या सभेच्या गर्दीवरनं कुणी हे सांगितलं असतं? शिवाय आपल्याकडं दोन्ही सभांना जाऊन आलेली माणसं काय कमी आहेत का, आमच्या गल्लीतले दोघं तर दोन्हीकडच्या टोप्या आणून पोरांना खेळायला दिलेत.

सुनेशी भांडू नका. तिचा पेपर तुम्ही वाचा, तुमचा तिला द्या.

मॅडम, टीव्हीवर दाखवतात की मोदी जगातले सगळ्यात लोकप्रिय नेते, ७५ टक्के, ७८ टक्के. आणि आमच्या चहाच्या टपरीवर रोज पंधरा जण असतात, त्यातले दहा जण शिव्या घालतात. मग हा सर्व्हे कुठनं केला? आमच्याकडं तर कधी कुणी आलं नाही.
– तंबाखूच्या धंद्यातला एक वाचक, निपाणी

कुणी यायचं नव्हतंच ओ, तो सर्व्हे ऑनलाईन होतोय. मॉर्निंग कन्सल्ट म्हणून अमेरिकन कंपनी आहे, ती वीस-बावीस देशांतल्या लोकांना विचारते की तुमच्या देशाच्या नेत्याचं काम तुम्हाला पसंत आहे का. २०२३ च्या फेब्रुवारीत मोदींना ७८ टक्के आले होते, सगळ्यात वर. आकडा खोटा नाही. पण बातमीत जे येत नाही ते असं की, एक, त्या यादीत चीन आणि रशियाचे नेते नाहीतच, म्हणजे "जगात" म्हणजे त्या वीस-बावीस देशांत. दोन, भारतातला त्यांचा नमुना साक्षर लोकांपुरता आहे, हे कंपनी स्वतःच सांगते, लपवत नाही. ज्यांना वाचता येत नाही अशी आपली आजी, बिडी वळणारी मावशी, उसाच्या फडातला गडी, ह्यांना त्यात कुणी विचारलेलं नाही. आणि तीन, प्रत्येक देशातले लोक आपापल्या नेत्याबद्दल बोलतात, इटलीच्या माणसाला मोदींबद्दल विचारलेलंच नाही. मग "जगात लोकप्रिय" हे हेडिंग कुठनं आलं? डेस्कवरनं. मी होते म्हणून सांगते, तीन ओळींची अट पाळताना पहिला बळी अटी-शर्तींचाच जातोय.

अजून एक. काम पसंत असणं आणि मत देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ७८ टक्क्यांनंतर तीन महिन्यांतच आपल्या कर्नाटकात भाजपला २२४ पैकी ६६ जागा आल्या. २०२४ च्या लोकसभेला देशभरात भाजपची मतं साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास. आता विरोधी बाजूचे यूट्यूबर लगेच म्हणतात बघा, सर्व्हे खोटा निघाला. तसं पण नाही. माणसाला पंतप्रधान आवडतोय पण गावातला उमेदवार आवडत नाही, किंवा उलटं, हे आपल्याकडं घराघरात चालतंय.

आणि तुमची टपरी. ती पण एक सर्व्हेच झाली की, फक्त पंधरा जणांचा, आणि तेच पंधरा रोज. तुम्हाला ज्यांच्याबरोबर चहा प्यायला आवडतो तेच तिथं येतात, बाकीचे पुढच्या टपरीवर जातात. एकदा तिकडं पिऊन बघा.

ताई, २०२१ ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक आठवतेय का? आपल्या शुभम शेळकेला सव्वा लाखाच्या घरात मतं पडली. आपल्या पेपरात "ऐतिहासिक". आणि कन्नड चॅनलवर एकच पट्टी, डिपॉझिट जप्त. एवढी मतं घेणाऱ्या माणसाला असं हिणवणं हा पक्षपात नाही तर काय? त्यावर तुम्ही काही लिहीत का नाही?
– महाराष्ट्र एकीकरण समितीचा एक जुना कार्यकर्ता, शहापूर

लिहिते आता, पण पूर्ण वाचा, अर्ध्यातनं फोन करू नका.

बेळगावचे खासदार सुरेश अंगडी वारले म्हणून ती पोटनिवडणूक लागली होती. निकाल २ मे ला. भाजपच्या मंगला अंगडी ४,४०,३२७, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी ४,३५,०८७, आणि समितीचे शुभम शेळके १,१७,१७४. जिंकण्यातला फरक फक्त ५,२४०. आता एकूण मतांच्या एक षष्ठांशपेक्षा कमी पडली की डिपॉझिट जातंय, हा नियम सगळ्यांना सारखा. दहा लाखांच्या वर मतं पडली होती, त्याचा सहावा हिस्सा पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे डिपॉझिट गेलं, हे खरं. आणि एक लाख सतरा हजार मतं, मोठ्या पक्षांच्या पैशाच्या आणि यंत्रणेच्या पुढं, तेही खरं. एकाही पेपरानं खोटं छापलं नाही. मला तर ह्या विषयावर शिकवायचं झालं तर मी हेच उदाहरण घेईन, कारण पक्षपात म्हटलं की आपल्याला वाटतंय खोटी बातमी. खोटी बातमी पकडता येते. खऱ्यातलं कुठलं खरं हेडिंगला घ्यायचं आणि कुठलं तेराव्या ओळीत टाकायचं, ते पकडता येत नाही.

आता तुम्हाला न आवडणारं. ह्या निकालातली तिसरी एक खरी गोष्ट आपल्या पेपरांनीही आत ढकलली. तिसऱ्या माणसाला एक लाख सतरा हजार मतं आणि पहिल्या-दुसऱ्यात सव्वापाच हजारांचा फरक, म्हणजे मराठी मतं ज्या बाजूला सरकली असती ती बाजू जिंकली असती. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या हातात त्या दिवशी किती ताकद होती ह्याचा तो हिशोब होता, आणि त्यावर कुणी नीट बसून लिहिलं नाही कारण "ऐतिहासिक" म्हणून सगळे फटाके वाजवण्यात दंग. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिका झाली, ५८ पैकी ३५ भाजपकडं. २०२३ च्या विधानसभेला समितीची पाटी कोरी. २०२४ च्या लोकसभेला समितीच्या उमेदवाराची मतं पार खाली आली. ही तिन्ही हेडिंगं आपल्या पेपरात किती पॉईंटच्या टाईपमध्ये आली होती, घरात जुने अंक असतील तर काढून बघा.

मीडियानं आपल्याकडं बघावं म्हणून आपण काय काय केलंय त्याचाही एक इतिहास आहे. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले होते, सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून. मतपत्रिका नव्हती, पुस्तकच होतं ते. लक्ष गेलं, दिल्लीच्या पेपरांत पण बातम्या आल्या. आणि सरकारनं काय केलं तर डिपॉझिट ५०० वरनं १०,००० केलं, बेळगावबरोबर तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिचीतही असंच झालं होतं म्हणून. बातमी आली पण प्रश्नाची नाही, गंमतीची. तेव्हापासनं मला उमेदवारांचे, गर्दीचे, झेंड्यांचे आकडे बघितले की धास्तीच वाटते थोडी.

एक्झिट पोलवाले पैसे घेऊन आकडे देतात हे आता सिद्धच झालंय ना? २०२४ ला काय झालं सगळ्यांनी बघितलं. माझे तर शेअरमध्ये पैसे गेले.
– संकेश्वर

पैसे गेले त्याबद्दल वाईट वाटतंय. १ जूनच्या संध्याकाळी जवळजवळ सगळ्या चॅनलांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर दिले, कुणी तर चारशे. ४ जूनला आले २९३, भाजप एकटा २४०. सेन्सेक्स त्या दिवशी ४,३०० अंकांहून जास्त पडला, त्यात तुमचे पण होते समजा. एका नामवंत पोलवाल्याला तर टीव्हीवर रडू आवरलं नाही.

पण "सिद्ध झालं" म्हणू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरात हरियाणात बहुतेक सगळ्यांनी काँग्रेस म्हणून सांगितलं आणि भाजपनं ९० पैकी ४८ घेतल्या. पैसे घेऊन करायचं असतं तर ह्या वेळी पैसे कुणी दिले म्हणायचं? चूक दोन्हीकडं होते. मोठं कारण असं की मतांचे टक्के सांगणं त्यातल्या त्यात सोपं, पण टक्क्यांवरनं जागा काढणं म्हणजे उसाच्या वजनावरनं साखर किती निघेल ते फडातच सांगण्यासारखं आहे. कर्नाटकातच बघा, २०१८ ला भाजपची मतं ३६ टक्क्यांच्या थोडी वर, जागा १०४. २०२३ ला मतं परत ३६ टक्के, जागा ६६. मतं तेवढीच, जागा अडतीसनं कमी, कारण मधल्या काळात जेडीएसची मतं घसरून काँग्रेसकडं गेली. आणि टीव्हीवर काय चर्चा, भाजपची लोकप्रियता कोसळली म्हणून! कोसळली कुठं, तिथंच तर होती, दुसऱ्याची वाढली.

आणि नमुन्याचं गणित तर कुणी सांगतच नाही. हजार जणांना विचारलं, अगदी चिठ्ठ्या टाकून नीट निवडून, तरी तीन टक्के इकडं-तिकडं व्हायचंच. वर सांगितलेल्या २०२१ च्या बेळगावात फरक अर्ध्या टक्क्याचा होता. तो पकडायचा तर एकट्या बेळगाव मतदारसंघात लाखाच्या वर माणसांना विचारायला लागलं असतं. कोण विचारतंय? अख्ख्या राज्यात तेवढे घेतले तर फुलांचा हार घालायचा.

मतदान सुरू झाल्यापासनं शेवटचं मत पडून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्यानं बंदी आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६-ए, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शेअर घ्यायला बंदी नाही, पण तुम्ही स्वतःवर घालून घ्या.

आमच्या तालुक्यात निवडणुकीत लोकल पेपरवाले बातम्या छापायचं "पॅकेज" मागतात असं ऐकतो. खरं का? आणि वाचकानं ओळखायचं कसं?
– खानापूर

खरं. सगळे नाही, पण खरं. देशभर ह्याची चर्चा झाली ती २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेनंतर. पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं गुणगान करणारा तोच लेख, शब्दानं शब्द तोच, वेगवेगळ्या मराठी पेपरांत वेगवेगळ्या नावांनी आला होता. प्रकरण निवडणूक आयोगाकडं गेलं, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, शेवटी २०१४ ला दिल्ली हायकोर्टानं आयोगाची नोटीस रद्द केली. प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची समिती नेमली, तिनं कोण काय रेट लावतंय ते नावानिशी लिहिलं, तर कौन्सिलनं पहिल्यांदा तो पूर्ण रिपोर्ट बाहेरच आणला नाही, थोडक्यात काय ते छापलं. स्वतःच्याच घरातला कचरा आहे म्हटल्यावर असंच होतंय. ह्यात आमदारकी गेल्याचं पहिलं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या उमलेश यादव यांचं, २०११ मध्ये, बातम्यांचा खर्च हिशोबात दाखवला नाही म्हणून.

आता प्रत्येक जिल्ह्यात एमसीएमसी म्हणून माध्यमांवर लक्ष ठेवणारी कमिटी असते, पेड न्यूज म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी वाटली तर तिच्याकडं कात्रण घेऊन तक्रार करायची, ती बातमीचा जाहिरातीच्या रेटनं खर्च उमेदवाराच्या नावावर टाकू शकते. विधानसभेला खर्चाची चाळीस लाखांची मर्यादा आहे, त्यामुळं उमेदवाराला झोंबतंय ते.

ओळखायचं कसं म्हणाल तर मी नाकानं ओळखते. बातमीत "धडाडीचे", "जनसामान्यांचे आशास्थान", "झंझावाती दौरा", "महिलांनी औक्षण केले", "विजय निश्चित" हे सगळं एकत्र आणि एकाही मतदाराचा प्रश्न नाही, खाली वार्ताहराचं नाव नाही, आणि त्याच पानावर शेजारी दुसऱ्या उमेदवाराचाही "विजय निश्चित". एकाच पानावर दोघांचा विजय निश्चित असला की समजायचं दोन्ही चेक वटलेत.

तुमच्या खानापूरची आणखी एक गंमत. तुमच्याकडं बेळगावचाच पेपर येतो, त्यात बेळगाव लोकसभेच्या उमेदवारांची हवा, लाट, झंझावात सगळं वाचता, आणि मत मात्र तुमचं उत्तर कन्नड मतदारसंघात, कित्तूरचंही तसंच. ज्याच्या लोकप्रियतेबद्दल महिनाभर वाचायचं त्याला मत देताच येत नाही आणि ज्याला द्यायचं त्याची बातमी कारवारच्या आवृत्तीत. आणि "जिल्ह्यात अमक्याची लाट" हे हेडिंग दिसलं तर २०२४ आठवा: बेळगावात भाजपचे शेट्टर पावणेदोन लाखांच्या वर मतांनी निवडून आले आणि शेजारच्या चिकोडीत काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी नव्वद हजारांनी. एकाच जिल्ह्यात. लाट काय हुक्केरीच्या हद्दीवर थांबून वळली काय?

आमच्या न्यूज चॅनलच्या यूट्यूब पोलमध्ये पंचवीस हजार लोकांनी मत दिलं, त्यात आमचे साहेब ८१ टक्के. एवढा मोठा आकडा खोटा कसा असेल?
– अथणी

मोठा आहे म्हणून खरा, असं नसतंय ओ. १९३६ ला अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीवेळी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, वीस लाखांच्या वर परत आली, आणि त्यांनी सांगितलं लँडन जिंकणार. रूझवेल्ट अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतनं आणि मोटारींच्या नोंदीतनं, म्हणजे त्या मंदीच्या काळात ज्यांच्याकडं फोन आणि गाडी होती त्यांचे. तुमच्या चॅनलला सबस्क्राईब कोण करतंय? साहेबांचीच माणसं ना. साहेबांच्या लग्नाच्या हॉलमध्ये जाऊन साहेब आवडतात का विचारल्यासारखं आहे. ते १९ टक्के कोण आले तेच मला कळंना.

तुम्ही कितीही गोल गोल लिहिलं तरी तुम्ही कुठल्या पक्षाच्या ते आम्हाला कळतंय.
– नाव नाही, गाव नाही

मला पण सांगा. ह्या महिन्यात तीन वेगवेगळ्या पक्षांची नावं आलीत.

ताई, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पत्रकारिता विषय. प्रोजेक्टला "सीमाभागातील वृत्तपत्रे आणि नेत्यांची प्रतिमा" घ्यायचा विचार आहे. घरचे म्हणतात कशाला त्या भानगडीत पडतेस. सुरुवात कशी करू?
– वडगाव, बेळगाव

पड की बाई भानगडीत, आम्ही पडलो नाही म्हणून तर एवढं आजोबांना सांगत बसायला लागतंय.

विषय मोठा आहे, लहान कर. एक महिना घे, निवडणुकीचा नको, साधा महिना, तेव्हाच सवयी दिसतात. डिसेंबर घेतलास तर बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन आणि समितीचा महामेळावा दोन्ही सापडतील, मजा येईल. दोन मराठी पेपर, दोन कन्नड. कन्नड येतं ना तुला, शाळेत झालंच असेल, नसेल येत तर मैत्रिणीला जोडीला घे, आणि नुसतं भाषांतर करून घेऊ नकोस, तिला वाचताना काय वाटलं ते पण लिहून घे. रोज चार-पाच नेते ठरवून मोजायचं: फोटो किती, कुठल्या पानावर, किती कॉलम सेंटीमीटर. पट्टी घेऊन खरोखर मोज, अंदाजे नको. जाहिरात वेगळी, बातमी वेगळी, आणि "वाढदिवसाच्या शुभेच्छा" तिसऱ्या वहीत, कारण आपल्याकडं ती जाहिरात असून बातमीसारखी आणि बातमी असून जाहिरातीसारखी असते. ज्या दिवशी एखाद्याची पान भरून जाहिरात आहे त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी कशी आली तेवढं एक नक्की बघ, तुझं अर्धं प्रोजेक्ट तिथंच आहे.

मग क्रियापदं काढ. हे कुणी करत नाही. नेता "म्हणाले", "गरजले", "बरळले", "कडाडले", "आरोप केला", "पर्दाफाश केला". तोच नेता, तेच भाषण, एका पेपरात गरजतोय आणि दुसऱ्यात बरळतोय. त्याची यादी केलीस तर परीक्षकांना टेबलं दाखवायची गरजच पडणार नाही.

लोकांना विचारायचं असेल तर कॉलेजातल्याच शंभर जणींना विचारू नकोस. चार-पाच वॉर्ड घे, गल्लीतलं दर दहावं घर, दुपारी न जाता संध्याकाळी सातनंतर जा म्हणजे कामावरची माणसं पण भेटतील, आणि भावाला घेऊन जा. चारशे जण झाले तर पाच टक्के इकडं-तिकडं गृहीत धर आणि तसं लिही पण.

गाईडनी विषय बदल म्हटलं तर शीर्षकातलं "नेते" काढून "सार्वजनिक व्यक्ती" टाक, आतलं काही बदलू नकोस. जुने अंक लागतील तर माझ्याकडं माळ्यावर दोन ट्रंका आहेत, माझ्या कॅप्शनांसकट. येताना पट्टी आण, माझी तुटलीय.